नकाराधिकाराला कलम १२२ ची बगल

ब्रसेल्समध्ये १२ डिसेंबर २०२५ रोजी झालेला एक निर्णय वरकरणी हिशेबाच्या वहीतला वाटावा असा होता. रशियाच्या मध्यवर्ती बँकेची युरोपात अडकलेली सुमारे २१० अब्ज युरोंची मालमत्ता यापुढे बेमुदत गोठलेली राहील, असे युरोपीय महासंघाने त्या दिवशी ठरविले. युक्रेनवरील आक्रमणानंतर २०२२ मध्ये ही मालमत्ता गोठविण्यात आली होती. मात्र दर सहा महिन्यांनी सत्तावीसही सदस्यराष्ट्रांच्या एकमताने तिची मुदत वाढवून घ्यावी लागत असे. एखादे राष्ट्र अडून बसले, तर सारी रक्कम मॉस्कोला परत जाण्याचा धोका होता. डिसेंबरच्या निर्णयाने ही टांगती तलवार दूर झाली. हंगेरी आणि स्लोव्हाकिया यांनी विरोधात मत देऊनही ठराव मंजूर झाला. कारण तो परराष्ट्र धोरणाच्या नव्हे, तर आर्थिक संकटाच्या प्रसंगासाठी राखून ठेवलेल्या कलम १२२ च्या आधारे आणण्यात आला होता.

बातमी रशियाच्या पैशाची असली, तरी त्यामागचा प्रश्न महासंघाच्या घडणीचा आहे. बाजारपेठ आणि कायदा या क्षेत्रांत बहुमताने चालणारा हा महासंघ सुरक्षेचा विषय निघाला की एकमताच्या अटीत अडकतो. ही अट करारात दुरुस्ती करून दूर करणे जमत नसल्याने गेल्या काही वर्षांत सुरक्षेचे निर्णय आर्थिक कलमांच्या दाराने आत आणले जात आहेत. ही वाट सोयीची खरी; पण कायदा हीच ज्याची खरी ताकद आहे, त्या संघटनेला ती किती काळ परवडणार, हा प्रश्न आता टाळता येण्याजोगा राहिलेला नाही.

पाया कोळसा-पोलादाचा

या विसंगतीचे मूळ इतिहासात आहे. ९ मे १९५० रोजी फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रॉबेर शुमान यांनी फ्रान्स आणि जर्मनीचे कोळसा व पोलाद उत्पादन एका सामाईक यंत्रणेखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला. त्यातून १९५१ च्या पॅरिस कराराने सहा देशांचा समुदाय उभा राहिला. त्यापाठोपाठ सामाईक युरोपीय लष्कराची कल्पनाही पुढे आली. १९५२ मध्ये तशा करारावर सह्या झाल्या. परंतु ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रान्सच्याच संसदेने तो बारगळवला. संरक्षणाचा दरवाजा तेव्हा जो बंद झाला, तो पुढे कधीच सताड उघडला नाही. युरोपीय एकीकरणाने मग बाजारपेठेची वाट धरली. १९५७ चा रोम करार हे त्याचेच फलित.

त्या वाटेवर कायद्याची पकड मात्र विलक्षण घट्ट होत गेली. लक्झेंबर्गमधील न्यायालयाने १९६३ आणि १९६४ मधील दोन निकालांत समुदायाच्या कायद्याचा नागरिकांना थेट आधार घेता येतो आणि तो राष्ट्रीय कायद्यांपेक्षा श्रेष्ठ ठरतो, हे तत्त्व प्रस्थापित केले. १९६५ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी बहुमताच्या मतदानाला विरोध म्हणून बैठकांवर बहिष्कार घातला, तेव्हा १९६६ च्या तडजोडीने नकाराधिकार काही काळ पुन्हा बळावला. पुढे १९८६ च्या एकल युरोपीय कायद्याने बाजारपेठेच्या बहुतांश विषयांत बहुमताचे राज्य आणले. १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने महासंघाला आजचे नाव दिले आणि सामाईक चलनाचा मार्ग मोकळा केला. मात्र परराष्ट्र आणि सुरक्षा धोरण वेगळ्या खांबावर, एकमताच्या अटीसह ठेवले. २००९ मध्ये अमलात आलेल्या लिस्बन कराराने हे खांब कागदावरून काढून टाकले, पण अट तशीच राहिली. इतकेच नव्हे, तर या क्षेत्रात न्यायालयाचा अधिकारही मर्यादित ठेवण्यात आला.

हापूसला जमले ते निर्बंधांना नाही

या दोन पद्धतींमधील अंतर किती मोठे आहे, याचा अनुभव कोकणातील बागायतदारांनी घेतला आहे. काही फळा-भाज्यांत फळमाशी आणि अन्य किडी आढळल्याचे कारण देऊन महासंघाने मे २०१४ पासून भारतातील आंबा आणि त्यासोबत वांगी, अळू, कारली व पडवळ यांच्या आयातीवर बंदी घातली. निर्णय ब्रसेल्समधील तज्ज्ञ समितीच्या पातळीवर झाला आणि तेव्हाच्या अठ्ठावीसही देशांत एकाच वेळी लागू झाला. हापूसचा मोठा ग्राहक असलेल्या ब्रिटनलाही, तो तेव्हा सदस्य असल्याने, वेगळी वाट काढता आली नाही. भारताने तपासणीची व्यवस्था सुधारल्यावर २०१५ च्या प्रारंभी आंब्यावरील बंदी उठली.

कायदे करण्याचा नेहमीचा मार्गही असाच बहुमताचा आहे. युरोपीय आयोग प्रस्ताव मांडतो. युरोपीय संसद आणि सदस्यराष्ट्रांची मंत्रिपरिषद त्यावर निर्णय घेते. मंत्रिपरिषदेत किमान ५५ टक्के सदस्यराष्ट्रे, म्हणजे २७ पैकी १५, आणि त्यांच्याकडे महासंघाची किमान ६५ टक्के लोकसंख्या असली की ठराव संमत होतो. रशियावर निर्बंध लादायचे ठरले की मात्र हे गणित चालत नाही. तेथे एक कोटीहून कमी लोकसंख्येचा हंगेरी सुमारे ४५ कोटींच्या महासंघाला थांबवू शकतो.

हा अधिकार केवळ हंगेरीनेच वापरला असे नाही. जून २०१७ मध्ये ग्रीसने चीनमधील मानवी हक्कांविषयीचे महासंघाचे निवेदन संयुक्त राष्ट्रांत मांडू दिले नाही. सप्टेंबर २०२० मध्ये बेलारूसमधील निवडणूक आणि त्यानंतरची दडपशाही यांवरून निर्बंध लादायचे होते, तेव्हा तुर्कस्तानवरही कारवाई करा, असा आग्रह धरून सायप्रसने ते काही आठवडे रोखून धरले. २०२२ मध्ये हंगेरीच्या हट्टामुळे रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख किरिल यांचे नाव निर्बंधांच्या यादीतून गळाले आणि नळवाटे येणारे तेल बंदीतून वगळले गेले. निर्बंधांचा अठरावा टप्पा स्लोव्हाकियाने जुलै २०२५ पर्यंत लांबविला. दर वेळी वाटाघाटी विषयाच्या गुणवत्तेवर नव्हे, तर अडवणाऱ्याची मनधरणी कशी करायची यावर झाल्या.

मनधरणीची किंमत

ही मनधरणी किती महाग पडू शकते, हे डिसेंबर २०२३ मध्ये दिसले. युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करण्याचा विषय १४ डिसेंबरला शिखर परिषदेपुढे होता. हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांचा त्याला विरोध होता. जर्मनीचे चान्सलर ओलाफ शोल्झ यांच्या सूचनेनंतर ओर्बान सभागृहाबाहेर गेले आणि उरलेल्या सव्वीस नेत्यांनी निर्णय घेऊन टाकला. त्याच परिषदेत ओर्बान यांनी युक्रेनला द्यावयाच्या ५० अब्ज युरोंच्या मदतीला नकार दिला. ती १ फेब्रुवारी २०२४ रोजी मान्य झाली.

या परिषदेच्या आदल्याच दिवशी आयोगाने हंगेरीचा अडवून ठेवलेला सुमारे १० अब्ज युरोंचा निधी मोकळा केला होता. हंगेरीने न्यायव्यवस्थेत आवश्यक त्या सुधारणा केल्या, हे आयोगाचे अधिकृत कारण. युरोपीय संसदेला ते पटले नाही आणि मार्च २०२४ मध्ये तिने आयोगालाच न्यायालयात खेचले. सदस्यराष्ट्रांनी कायद्याचे राज्य पाळावे, अन्यथा निधी रोखू, हा नियम महासंघाने डिसेंबर २०२० मध्ये केला आणि हंगेरी व पोलंड यांचे आक्षेप फेटाळून न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो वैध ठरविला होता. त्या नियमाचे हत्यार नकाराधिकाराच्या बाजारात तराजूवर तर ठेवले गेले नाही ना, अशी शंका त्यामुळे उभी राहिली. आर्थिक, कायदेविषयक आणि सुरक्षाविषयक धोरणे कागदावर वेगवेगळी असली, तरी सौदा ठरविण्याच्या वेळी ती एकाच टेबलावर येतात.

आर्थिक दाराने सुरक्षा

या पार्श्वभूमीवर कलम १२२ चे महत्त्व लक्षात येते. सदस्यराष्ट्रांनी परस्परसहकार्याच्या भावनेने, विशेषतः ऊर्जेसारख्या वस्तूंचा पुरवठा अडचणीत आल्यास, आर्थिक परिस्थितीला अनुरूप उपाय योजावेत, असे हे कलम सांगते. प्रस्ताव आयोगाचा आणि निर्णय मंत्रिपरिषदेचा, तोही बहुमताने. संसदेला मत नाही. अनेक वर्षे फारसे चर्चेत नसलेले हे कलम २०२० मध्ये कोविडनंतरच्या पुनरुज्जीवन निधीसाठी उपयोगात आले. २०२२ मध्ये गॅसचा वापर १५ टक्क्यांनी घटविण्याच्या योजनेलाही त्याचाच आधार होता.

मे २०२५ मध्ये त्याची मजल शस्त्रखरेदीपर्यंत गेली. सदस्यराष्ट्रांना संरक्षण सामग्रीसाठी १५० अब्ज युरोंपर्यंत कर्जे देणारी ‘सेफ’ योजना याच कलमाखाली मंजूर झाली. महासंघाच्या अंदाजपत्रकातून लष्करी कारवायांवर खर्च करण्यास करारानेच मनाई केली आहे. म्हणूनच युक्रेनला शस्त्रे पुरविण्यासाठी वापरलेला ‘युरोपीय शांतता निधी’ अंदाजपत्रकाबाहेर ठेवावा लागला होता आणि तोही एकमतात अडकत होता. कर्जाच्या रूपातील मदत, उद्योगधोरणाचा पेहराव आणि कलम १२२ चा आधार यांमुळे ही अडचण ओलांडता आली. त्यापाठोपाठ रशियन गॅसची आयात २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने संपविण्याचा प्रस्तावही निर्बंध म्हणून नव्हे, तर व्यापार आणि ऊर्जेचा विषय म्हणून पुढे नेण्यात आला. साहजिकच त्यालाही बहुमत पुरेसे ठरले. मग डिसेंबरमध्ये रशियाची मालमत्ता.

येथेच ग्यानबाची मेख आहे. ‘सेफ’च्या उद्देशाला युरोपीय संसदेचा विरोध नव्हता. संरक्षणावरील खर्च वाढावा, हेच तिच्या बहुसंख्य सदस्यांचे मत होते. तरीही आपल्याला वगळून एवढी मोठी योजना आणीबाणीच्या कलमाखाली मंजूर करणे योग्य नाही, असे म्हणत तिने २०२५ मध्ये मंत्रिपरिषदेविरुद्ध न्यायालयात धाव घेतली. हा आक्षेप केवळ मानापमानाचा नाही. निवडून आलेल्या ७२० सदस्यांना बाजूला ठेवून कर्ज उभारले जात असेल, तर त्याचा जाब मतदारांनी कोणाला विचारायचा? शिवाय आणीबाणीचे कलम वर्षानुवर्षे वापरात राहिले, तर ती आणीबाणी राहत नाही. तो रिवाज होतो.

मालमत्तेच्या निर्णयात हा ताण अधिकच जाणवला. रशियाला पैसा परत गेल्यास युरोपच्या अर्थव्यवस्थेला गंभीर हानी पोहोचेल, हा आयोगाचा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. पण त्या तर्काने कोणताही युद्धविषयक निर्णय आर्थिक ठरविता येईल. बेल्जियम, इटली, माल्टा आणि बल्गेरिया यांनी बाजूने मत देतानाच, या पैशाचा पुढे काय उपयोग करायचा याविषयीचा निर्णय यातून गृहीत धरू नये, असे बजावले ते उगाच नाही. यातील बहुतेक रक्कम ब्रसेल्समधील ‘युरोक्लिअर’ या संस्थेकडे आहे. रशियाने दावा लावला तर त्याची झळ आपल्यालाच बसणार, हे बेल्जियमला ठाऊक होते. आठवड्याभरातच झालेल्या शिखर परिषदेत या मालमत्तेच्या आधारे युक्रेनला कर्ज देण्याची योजना मागे पडली. त्याऐवजी २०२६ आणि २०२७ साठी ९० अब्ज युरो सामाईक कर्जातून उभारण्याचे ठरले आणि हंगेरी, स्लोव्हाकिया व चेक प्रजासत्ताक यांना त्याच्या भारातून वगळण्यात आले. बगल देण्याच्या कौशल्यालाही मर्यादा असतात, हेच यातून सिद्ध झाले.

राजमार्ग आहे, पण...

नकाराधिकार कमी करण्याचा सरळ मार्ग करारात आहे. शिखर परिषदेने एकमताने ठरविले, तर परराष्ट्र धोरणाचे काही विषय बहुमताकडे वळविता येतात. शोल्झ यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये प्राग येथील भाषणात त्याचा आग्रह धरला होता. मे २०२३ मध्ये जर्मनी, फ्रान्स, इटली आणि स्पेन यांच्यासह नऊ देशांनी त्यासाठी गटही स्थापन केला. पण एकमताची अट काढण्यासाठी एकमत हवे आणि लष्करी विषयांना ही तरतूद लागूच होत नाही. लहान देशांची भीतीही समजण्यासारखी आहे. आयर्लंड, ऑस्ट्रिया आणि माल्टा हे तटस्थ देश आपल्या सैनिकांचे आणि शत्रुमित्रांचे निर्णय पॅरिस-बर्लिनच्या लोकसंख्येवर सोडायला तयार नाहीत. त्यांच्या दृष्टीने नकाराधिकार हा अडसर नव्हे, तर सभासदत्वाचा विमा आहे.

भारतालाही हे दुहेरी रूप परिचयाचे आहे. २७ जानेवारी २०२६ रोजी नवी दिल्लीत पूर्ण झाल्याचे जाहीर झालेल्या मुक्त व्यापार कराराची बोलणी ब्रसेल्सशी झाली. माझगाव गोदीत बांधलेल्या स्कॉर्पिन पाणबुड्यांचा २००५ मधील करार मात्र फ्रान्सशी होता. बाजारासाठी एक दार आणि शस्त्रांसाठी सत्तावीस दारे, ही स्थिती जानेवारीत महासंघाशी झालेल्या सुरक्षा भागीदारीनेही लगेच बदलणार नाही.

रशियाच्या आक्रमणासमोर हात बांधून बसणे युरोपला शक्य नव्हते. त्यामुळे कलम १२२ चा आधार घेणाऱ्यांना सरसकट दोष देता येणार नाही. पण हंगेरीला कायद्याच्या राज्याचे धडे देणाऱ्या महासंघाने स्वतः कलमे ताणायला सुरुवात केली, तर त्या धड्यांचे वजन कमी होते. लष्कर नसलेल्या या संघटनेचा शब्द सत्तावीस देशांत चालतो, तो कायद्यावरील विश्वासामुळे. तो विश्वास खर्ची टाकून सुरक्षा विकत घ्यायची, की सदस्यराष्ट्रांना आणि मतदारांना विश्वासात घेऊन करारच बदलायचा, याचा निर्णय युरोपच्या नेत्यांना केव्हा तरी उघडपणे घ्यावा लागेल. त्यासाठी मात्र करारात कोणतीही आडवाट ठेवलेली नाही.