शुश्रूषागृहाची पारख

पहूरच्या एखाद्या घरात कोणी अंथरूण धरले, की गाडी जामनेरच्या किंवा जळगावच्या वाटेला लागते. कोणत्या शुश्रूषागृहात जायचे, हे मात्र बहुधा वाटेतल्या एका दूरध्वनीवर ठरते. लग्नाच्या बस्त्यासाठी चार दुकाने पालथी घालणारा मध्यमवर्ग येथे चकचकीत काचांना भुलतो! वास्तविक १९४९ च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमानुसार नोंदणीचे प्रमाणपत्र दर्शनी भागी लावणे बंधनकारक आहे. नोंदणीची मुदत तीन वर्षांची. ती उलटली आहे काय, हे पाहावे. २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रकही भिंतीवर आणले.

पण कागद रात्री रुग्णाच्या उशाशी बसत नाही. मध्यरात्री डॉक्टर आवारात असतात की घरी? परिचारिका प्रशिक्षित आहे की हाताखाली शिकलेली? प्रकृती बिघडल्यास पुढे कोठे पाठवणार, आणि कोणत्या वाहनाने? हे विचारताना संकोच वाटतो, कारण डॉक्टर ओळखीचे असतात. जाणता डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाही. जो रागावतो, त्याच्याकडे वडिलांना ठेवावे काय, याचा विचार कुटुंबाने घरात सर्वजण धडधाकट असतानाच करावा.