चौदावे मूल शाळेत गेले म्हणून...

सध्या आपल्या तरुण आईबापांच्या मोबाइलवर एक नवे स्वप्न फिरते आहे. अमेरिकेतले मोठे घर, आठ-दहा मुले, लांबलचक टेबलावर पसरलेली वह्या-पुस्तके. घंटा नाही, गणवेश नाही, मारकुटा मास्तर नाही. आई पावाची कणीक मळता मळता एकाला पाढे विचारते, थोरली बहीण धाकट्याला अक्षरे गिरवायला शिकवते. याला होमस्कूलिंग म्हणतात. विहारातल्या आमच्या अभ्यासिकेत येणारे काही पालक हे व्हिडिओ दाखवून विचारतात, "जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक नाहीत, इंग्रजी शाळेची फी झेपत नाही, आणि वर्गात पोराला आडून आडून जात विचारतात. मग आपणही घरीच शिकवले तर काय बिघडले?"

प्रश्न प्रामाणिक आहे. ज्याच्या पोराने शाळेत अपमान सोसला, त्या बापाला "शाळेत पाठवच" म्हणून दटावण्याचा अधिकार कुणालाही नाही. म्हणून या प्रश्नाला घोषणेने नव्हे, विचाराने उत्तर द्यावे लागेल.

आधी ते घर नीट पाहू. कॅमेऱ्यात दिसते तेवढेच नव्हे, दिसत नाही तेही.

मोठ्या होमस्कूलिंग कुटुंबाचा दिवस कामाच्या वाटणीने सुरू होतो. कुणी भांडी, कुणी कपडे, कुणी तान्ह्याला आंघोळ. मग सकाळी दोन-तीन तास अभ्यास. वेगवेगळ्या वयाच्या मुलांना एकच आई शिकवणार, म्हणून इतिहास-विज्ञान सगळ्यांना एकत्र आणि गणित-भाषा ज्याची त्याला. अभ्यासक्रम विकणाऱ्या कंपन्या आहेत, त्यांचे संच घरी येतात. आठवड्यातून एखादा दिवस अशीच चार-सहा कुटुंबे एकत्र येऊन मुलांना शिकवतात. यात चांगले काहीच नाही असे आम्ही म्हणणार नाही. मूल आपल्या गतीने शिकते, भीती नसते, भावंडे एकमेकांना समजावतात. जॉन होल्टसारख्या शिक्षणविचारवंताने १९७७ साली शाळेबाहेरच्या शिक्षणासाठी नियतकालिक काढले, तेव्हा त्याचा राग शाळेतल्या भीतीवर होता. तो राग आपल्यालाही कळतो.

पण त्या दिवसाचा हिशोब मांडा. आई नोकरी करत नाही. बापाच्या एकट्याच्या पगारावर घर चालते. आईला शिकवता येईल इतके तिचे स्वतःचे शिक्षण झालेले आहे. घरात पुस्तके आहेत, जागा आहे, गाडी आहे. समाजशास्त्रात पिएर बोर्द्यू याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. ज्याच्या घरी ते पिढ्यान्‌पिढ्या साठले आहे, त्याचे घर शाळा होऊ शकते. ज्याच्या आजीला अंगठ्याखेरीज सही माहीत नव्हती, त्याच्या घरात ते कुठून येणार?

दुसरा हिशोब थोरल्या मुलीचा. आर्कान्सा राज्यातल्या डगर कुटुंबावर अमेरिकेत २००८ ते २०१५ अशी टीव्ही मालिका चालली. एकोणीस मुले, सगळी घरी शिकणारी. त्या घरात 'बडी' पद्धत होती. म्हणजे मोठ्या मुलाला एकेक धाकटे नेमून दिलेले. त्याचे खाणे, आवरणे, अभ्यास त्या मोठ्याने पाहायचा आणि हा भार बहुतेक थोरल्या मुलींवर पडायचा. पाहणाऱ्यांना कौतुक वाटायचे, किती शिस्त! आपल्या वस्तीत चौथीतली पोरगी कडेवर भाऊ घेऊन फिरते तेव्हा तिला कुणी शिस्त म्हणत नाही, गरिबी म्हणतात. काम मात्र तेच आहे. एका मुलीचे बालपण दुसऱ्याच्या संगोपनात खर्च होते आणि त्याची नोंद कुठल्याच प्रगतिपुस्तकात होत नाही. त्याच घरातल्या जिल या मुलीने २०२३ साली पुस्तक लिहून बापाच्या सत्तेतून बाहेर पडणे किती कठीण गेले ते जगाला सांगितले.

हे कुटुंब ज्या धार्मिक संस्थेचा अभ्यासक्रम वापरत असे, तिच्या शिकवणीत 'अधिकाराची छत्री' आहे. सर्वांत वर देव, त्याखाली नवरा, नवऱ्याच्या छत्रीखाली बायको, त्याखाली मुले. छत्रीबाहेर पाऊल टाकले की संकट. मित्रांनो, ही छत्री आपल्याला अनोळखी आहे का? स्त्रीने बालपणी बापाच्या, तरुणपणी नवऱ्याच्या, म्हातारपणी मुलाच्या ताब्यात राहावे, असे सांगणारा ग्रंथ बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळला गेला. छत्रीचे कापड बदलले, दांडा तोच आहे.

अमेरिकेतले प्रत्येक होमस्कूलिंग घर असेच असते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुद्दा वेगळा आहे. घर चांगले निघाले तर मुलाचे नशीब. घर वाईट निघाले तर मुलाने कुणाकडे जायचे? टेक्साससारख्या राज्यात मूल घरी शिकते आहे हे सरकारला कळवावेही लागत नाही. २०१८ साली कॅलिफोर्नियात एका घरातून तेरा भावंडांची सुटका झाली. उपाशी, काही साखळदंडांनी बांधलेली. बापाने ते घर कागदोपत्री खासगी शाळा म्हणून नोंदवले होते. सतरा वर्षांची मुलगी खिडकीतून पळाली आणि तिने पोलिसांना फोन केला, तेव्हा जगाला कळले. हा अपवाद आहे, मान्य. पण ती मुले रोज शाळेत गेली असती तर त्यांची हाडे कुणाच्या तरी डोळ्यांना आधीच दिसली असती. शाळा शिकवते तशी ती मुलाकडे पाहते देखील. बापाव्यतिरिक्त दुसऱ्या कुणीतरी मुलाकडे पाहणे, हासुद्धा मुलाचा हक्क आहे.

आता आपल्या घरी येऊ.

आपल्याला होमस्कूलिंग नवीन आहे असे कुणी समजू नये. जातिव्यवस्था ही घरच्या शाळेवरच तर उभी राहिली. भटाच्या घरी पोरगा संथा घेऊन मंत्र शिकला. चांभाराच्या घरी चामडे शिकला, मांगाच्या घरी दोर वळायला शिकला, महाराच्या घरी गावकीची कामे आणि कुणापुढे किती वाकायचे ते शिकला. शिक्षक बाप, वर्ग घर, अभ्यासक्रम जात. हजारो वर्षे परीक्षा न घेता सगळे पास, कारण वरच्या वर्गात जायची सोयच नव्हती. घरी मिळणारे शिक्षण घराच्या भिंतीएवढेच उंच असते. आपल्या पूर्वजांचा शाळेसाठीचा लढा ही भिंत ओलांडण्याचा लढा होता.

म्हणूनच आपल्या इतिहासातल्या घरी शिकलेल्या माणसांकडे पाहिले पाहिजे. सावित्रीबाईंना अक्षरओळख जोतिरावांनी घरी करून दिली. मग त्यांनी काय केले? १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. शेणगोळे अंगावर घेऊन त्या रोज घराबाहेर पडल्या. जोतिरावांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे ही मातंग समाजाची चौदा वर्षांची मुलगी १८५५ साली मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिते आणि तो 'ज्ञानोदया'त छापून येतो. ती घरी राहिली असती तर तिचे दुःख तिच्याबरोबर संपले असते. शाळेत गेल्यामुळे त्या दुःखाला वाचक मिळाला.

आणि बाबासाहेब. ते चौदावे अपत्य. मोठे कुटुंब, शिकवणारा बाप. सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते, घरीही मुलांचा अभ्यास घेत. परळच्या चाळीतल्या एका खोलीत रामजीबाबा रात्री दोनपर्यंत जागे राहात आणि मग भीमाला अभ्यासाला उठवत. म्हणजे घरी शिकवण्याची पात्रता, शिस्त, तळमळ, सगळे त्या बापाजवळ होते. उद्या कुणी होमस्कूलिंगचा आदर्श बाप शोधायला निघाला तर त्याने रामजीबाबांकडे यावे.

शाळेत काय होते? साताऱ्याला घरून नेलेले गोणपाट, त्यावर वेगळे बसणे, आणि शिपाई नसला तर पाण्यावाचून राहणे. आज पोराला घरी ठेवावे असे वाटायला आपल्याकडे जी कारणे आहेत, त्याहून शंभर पटींनी मोठे कारण रामजीबाबांकडे होते. तरी त्यांनी भीमाला घरी ठेवले नाही. शाळेत पाठवले, मग मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कुलात घातले. पुस्तकांना पैसे नसले की लग्न झालेल्या मुलींकडे जात, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण ठेवत. त्या बहिणींचे दागिने भावाच्या पुस्तकांसाठी गेले. हे ऋण आपण विसरता कामा नये, आणि पुन्हा कुठल्याही बहिणीवर लादता कामा नये.

रामजीबाबांना एक गोष्ट कळली होती. घरी भीम विद्वान झाला असता, पण त्या विद्वत्तेला साक्षीदार मिळाला नसता. गोणपाटावर बसलेला मुलगा वर्गात दिसत होता. त्याचे तिथे असणे हेच त्या व्यवस्थेला आव्हान होते.

इथे एक खरा आक्षेप आहे. अमेरिकेतले कृष्णवर्णीयसुद्धा आता मुलांना घरी शिकवू लागले आहेत. तिथल्या जनगणना खात्याच्या पाहणीत २०२० च्या वसंतात शाळकरी मुले असलेल्या कृष्णवर्णीय घरांपैकी ३.३ टक्के घरे होमस्कूलिंग करत होती, शरद ऋतूपर्यंत ती १६.१ टक्के झाली. करोना हे कारण होतेच, पण वर्गातला वंशभेद हेही कारण अनेक पालकांनी सांगितले. त्यांना आपण दोष देणार नाही. मात्र त्यांचाच इतिहास दुसरेही काही सांगतो. डगर कुटुंब ज्या आर्कान्सातले, त्याच राज्यात १९५७ साली लिटल रॉकच्या शाळेत नऊ कृष्णवर्णीय मुले सैनिकांच्या पहाऱ्यात वर्गात गेली. व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड परगण्यात तर गोऱ्यांनी एकत्र शिकण्यापेक्षा सरकारी शाळाच बंद केल्या. १९५९ ते १९६४, पाच वर्षे. गोऱ्यांच्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुले घरी राहिली. शाळा बंद झाली की कुणाची मुले शिकतात आणि कुणाची नुसती घरी राहतात, याचे उत्तर तिथे मिळाले.

आपल्यालाही ते मार्च २०२० नंतर मिळाले. आपल्या वस्त्यांनी सक्तीचे होमस्कूलिंग पाहिले आहे. एक मोबाइल, तीन भावंडे, दहा बाय दहाची खोली. मोबाइल आधी भावाच्या हातात, बहीण चुलीपुढे. शाळा उघडल्या तेव्हा आमच्या अभ्यासिकेतल्या काही मुली परत आल्याच नाहीत. त्यांची लग्ने झाली होती.

आणखी एक गोष्ट, जी व्हिडिओत कुणी सांगणार नाही. जातीच्या दाखल्यासाठी आपल्या पोरांना बापाचा, आजोबाचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढायला किती पोरे तालुक्याला खेटे घालतात, हे जातपडताळणीतून गेलेल्यांना विचारा. शिष्यवृत्ती, मोफत पुस्तके, दुपारचा आहार हे सगळे शाळेच्या पटावरच्या नावाशी बांधलेले आहे. कायद्याने घरी शिकवणाऱ्या पालकाला शिक्षा नाही, राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून वयाच्या चौदाव्या वर्षी दहावीला बसताही येते. पण ती वाट ज्याच्या मागे भांडवल आहे त्याला पुरते. पटावरून आपले नाव आपणच कमी केले, तर कमी पटसंख्येच्या नावाखाली शाळा बंद करायला टपलेल्यांना आयते निमित्त मिळेल.

मग अपमान सोसत राहायचे का? अजिबात नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात, वंचित घटकांना प्रमाणात जागा द्यावी लागते. तुमच्या शाळेच्या समितीत कोण आहे? बैठक कधी झाली? इतिवृत्त कुणी लिहिले? हे विचारायला किती जण गेलो? खासगी शाळेत पंचवीस टक्के जागा आपल्या आहेत, त्यासाठी वस्तीतल्या किती अर्जांना आपण हात लावला? मुलाचा जातीवरून अपमान झाला तर लेखी तक्रार करा, एकट्याने नव्हे, पाच पालकांनी मिळून. शाळा आपल्याला कुणी दान दिलेली नाही, की आवडली नाही म्हणून परत करावी.

घरी शिकवूच नका असे आम्ही म्हणत नाही. जरूर शिकवा. रामजीबाबांसारखे शिकवा. संध्याकाळी टीव्ही बंद करा, मुलांबरोबर वाचा, विहारात अभ्यासिका चालवा. शाळेच्या पुस्तकात नसलेले फुले-शाहू-आंबेडकर घरी सांगा. मुलगा भांडी घासेल आणि मुलगी अभ्यास करेल, अशी पाळी लावा. पण सकाळी दप्तर भरून त्यांना बाहेर पाठवा, आणि शाळेच्या फाटकापर्यंत तुम्हीही जा. आत काय चालते ते पाहायला.

चौदावे मूल शाळेत गेले म्हणून आपण आज हे लिहू-वाचू शकतो. आपल्या घरचे पहिले किंवा दुसरे मूल आपण कुठल्या भीतीने घरी ठेवणार आहोत?

जय भीम.