जमीन खचत नाही, म्हणून

जालन्याच्या मस्तगडात एक मोठी विहीर आहे, आतल्या बाजूने दालनं असलेली. निजाम-उल-मुल्क असफजाहच्या हुकमावरून काबिल खानाने १७२५ मध्ये हा गड बांधला. उघड्या विहिरीचं एक बरं असतं, काठावरून वाकलं की पाणी किती उतरलं ते दिसतं. बोअरमध्ये वाकता येत नाही.

उपशाचा अतिरेक झाला की काही ठिकाणी जमीनच साक्ष देते. दिल्ली विमानतळाजवळच्या कापसहेडा भागात २०१८-१९ च्या सुमारास ती वर्षाला १७ सेंटिमीटरपर्यंत खचत होती. उपग्रह त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा जातो आणि परतलेल्या रडार-लहरींतल्या फरकावरून ही हालचाल टिपतो. तिथे गाळाची जमीन आहे. चिकणमातीच्या थरांतलं पाणी काढलं की कण एकमेकांवर दबतात आणि पाण्याची जागा कायमची जाते. कॅलिफोर्नियाच्या सॅन वाकीन खोऱ्यात तर १९२५ ते १९७७ या काळात एका ठिकाणी जमीन सुमारे नऊ मीटर खाली गेली.

जालना बसलंय काळ्या बेसाल्टवर. इथलं पाणी मुरमात आणि खडकाच्या भेगांत. ते उपसलं तरी खडक दबत नाही. (काळ्या मातीवरच्या घरांना तडे जातात ते माती पावसाळ्यात फुगते नि उन्हाळ्यात आक्रसते म्हणून, त्याचं खापर बोअरवर नको.) २०१२-१३ च्या दुष्काळात मोसंबीच्या बागा वाळल्या, शहराने टँकरच्या रांगा पाहिल्या, जमीन मात्र होती तिथेच राहिली. दिसण्याजोगं काही घडलं नाही, मग विचारणार कोण?

३० जुलै २०२५ ला झेपावलेला ‘निसार’ हा रडार-उपग्रह दर बारा दिवसांनी तीच जमीन पुन्हा मोजतो. महाराष्ट्रात त्याचा खरा उपयोग तापी-पूर्णेच्या जाड गाळात, यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात. तिथे आजच डोळा ठेवायला हवा. जालन्याला उपग्रहापेक्षा मोजपट्टीची गरज जास्त आहे.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते. काम चोख, पण यातल्या बहुतेक विहिरी खोदलेल्या, उथळ. उपसा होतो त्यांच्या कितीतरी खालून. २००९ च्या भूजल कायद्याने शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरीला मनाई केली. गावात बोअरची गाडी आली की मात्र बोली तीनशे फुटांच्या पुढेच सुरू होते.

बेसाल्टची एक मेहेरबानी आहे: भेगा मिटत नाहीत, पाऊस मुरवला तर त्या पुन्हा भरतात. जालना तालुक्यातल्या कडवंचीने पाणलोटाची कामं करून त्यावर द्राक्षबागा उभ्या केल्या. शहराने निदान आपल्या बोअरची खोली आणि पातळी वॉर्डनिहाय लिहून ठेवावी, आणि ती वही दर मे महिन्यात लोकांना दाखवावी.