रक्षण की हक्क?

अमेरिकन भयपटांचा साचा नीट पारखा. १९७८ च्या ‘हॅलोविन’मध्ये लॉरी नावाची तरुणी विणकामाच्या सुईने आणि खुद्द खुन्याच्याच सुऱ्याने त्याला दोनदा लोळविते, तरीही अखेरची सुटका पिस्तूलधारी पुरुषाच्याच हातून! स्त्रीने किंकाळी फोडावी व पुरुषाने शस्त्र उचलावे, हाच तेथील दंडक.

हा दंडक राज्यकर्त्यांनीही उचलला. १७ नोव्हेंबर २००१ रोजी अध्यक्षपत्नी लॉरा बुश यांनी नभोवाणीवरून सांगितले की, दहशतवादाविरुद्धचा लढा हा स्त्रियांच्या हक्कांचाही लढा आहे. अफगाण स्त्रीचे दुःख खरेच होते. परंतु २०२१ मध्ये ते सैन्य परतले, तालिबान सत्तेवर आले आणि मुलींच्या माध्यमिक शाळांना टाळे लागले. तेव्हा तो हक्क कोठे गेला?

२००३ मध्ये इराकात पकडल्या गेलेल्या जेसिका लिंच या सैनिक तरुणीच्या सुटकेचे चित्रण जगभर दाखविले गेले. तिने शत्रूवर गोळ्या झाडल्याची कथाही पसरली. ती कथा असत्य असल्याचे २००७ मध्ये अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सांगितले कोणी? स्वतः जेसिकानेच! आणि त्याच हल्ल्यात प्राणास मुकलेली तिची मैत्रीण, होपी या आदिवासी जमातीची लोरी पिएस्टेवा? तिच्या वाट्याला त्या गाजावाजाचा अंशही आला नाही.

म्हणून, भगिनींनो, भय दाखवून रक्षणाची भाषा बोलणाऱ्यास रोखठोक विचारा : तू मला हक्क देतोस, की नुसता पहारा? ज्याचे रक्षण दुसऱ्याच्या मर्जीवर, त्याचे स्वातंत्र्यही दुसऱ्याच्याच मर्जीवर!