डॉक्टर आहे, पण गोळीवाली नाही

माझ्या एका मैत्रिणीला गेल्या वर्षी पीएच.डी. मिळाली. समाजशास्त्रात, आपल्याच शिवाजी विद्यापीठातून. दारावरच्या पाटीत ‘डॉ.’ आलं आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या काकू हजर! ‘‘अगं डॉक्टर, गुडघा लई दुखालाय, एखादी गोळी सांग की.’’

‘‘काकू, मी तसली डॉक्टर नव्हे.’’

‘‘मग कसली गं?’’

खरं सांगू? मलाही नीट ठाऊक नव्हतं. उत्तर मिळालं ते कागलच्या बाजूला, उसाच्या फडात.

दिवाळीच्या आसपास कारखान्यांची धुराडी पेटली की बीडकडच्या ऊसतोड टोळ्या आपल्याकडं येतात. तुमचा-माझा त्यांच्याशी संबंध केवढा? उसानं भरलेला ट्रॅक्टर पुढं आला की हॉर्न मारायचा, बस्स. मैत्रिणीचा विषय मात्र याच बायकांचं प्रजनन आरोग्य. एका संध्याकाळी ती मलाही घेऊन गेली.

खोपीसमोर चूल पेटवत एक बाई बसली होती. माझ्याच वयाची, अठ्ठावीसच्या घरातली. मुलगी सातवीत. ‘‘पिशवी काढली दोन वर्षांखाली,’’ ती म्हणाली. इतक्या सहज, की दाढ काढली असावी! पिशवी म्हणजे गर्भाशय.

का काढली? ‘‘अंगावरून जायचं, पोट दुखायचं. डॉक्टर म्हणले, पुढं कॅन्सर होईल. आन् महिन्याला चार दिवस बसून कुणाला परवडतंय, ताई?’’

परतीच्या वाटेवर स्कूटीवर मला फुकटात लेक्चर मिळालं. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि मग ऊस तोडून ती फेडायची. एका दिवसाची दांडी म्हणजे ‘खाडा’. मजुरी जाते, वर दंड बसतो. राहायला खोपी, संडास नाही, पाणी लांब. पाळीत कापड बदलायचं कुठं आणि मोळ्या वाहायच्या कशा?

‘‘डॉक्टरच्या कागदावर दुखणं लिहिलं जातं आणि फाईल बंद होते,’’ मैत्रीण म्हणाली. ‘‘माझं काम तिथून सुरू होतं. काढा म्हणून पहिल्यांदा कोण म्हणालं? पैसे कुणी दिले? दुसरा इलाज सांगितला होता का? ऑपरेशननंतर किती दिवसांनी कोयता हातात घेतला?’’

लक्षात आलं ना, कसली डॉक्टर ते?

हे प्रकरण गाजलं २०१९ मध्ये. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातल्या १३ हजार ८०० हून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे साधारण सहामागं एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) देशभरातलं हेच प्रमाण १५ ते ४९ वयाच्या बायकांत जेमतेम ३ टक्के होतं. कुठं सहामागं एक आणि कुठं शंभरात तीन!

मोजणी झाली, हेडलाईन झाली. पुढं काय? सोबत बीजांडकोशही काढला असेल, तर पाळी जाण्याचा काळ एकदम अंगावर येतो, हाडं ठिसूळ होतात. डोक्यावर मोळी मात्र तीच. दहा वर्षांनी या बायका कशा असतील? ते कळायला त्याच बायकांना पुन्हापुन्हा भेटावं लागतं. हिवाळ्यात इकडं, पावसाळ्यात त्यांच्या गावी, सलग दोन-तीन वर्षं. त्यासाठी पगारासारखे हातात पडणारे पैसे लागतात. पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप म्हणतात ती हीच.

पूर्वी हे अंगावर घेऊनही लोकांनी केलंय. र. धों. कर्वे गणिताचे प्राध्यापक. तेही गोळीवाले नव्हेत. त्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र काढलं आणि पुढं प्राध्यापकी गमावली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ काढलं, तेही पदरमोड करून. ग्रेट! पण प्रत्येक संशोधकानं कर्वेच व्हावं, ही अपेक्षा जरा जास्तच नाही का?

माझी मैत्रीण सध्या तासिका तत्त्वावर शिकवते. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की ठणठणाट. वय बत्तीस. घरचे म्हणतात, ‘शिकून झालं, आता पाळणा हलू दे.’ इतरांच्या गर्भाशयांवर प्रबंध लिहिणाऱ्या बाईच्या गर्भाशयावर अख्ख्या गल्लीचं मत तयार आहे! मूल तिलाही हवंय. फक्त ‘कधी’ हे तिला स्वतः ठरवायचंय. आणि प्रजनन आरोग्य म्हणजे आधी तेवढंच तर असतं.

गेल्या आठवड्यात रंकाळ्यावर भेळ खात आम्ही तिचा अर्ज पुरा केला. अवघड शब्द खोडायचं काम माझं! फॉर्म भरताना मी विचारलं, ‘‘नाहीच मिळाली तर?’’ ती गप्प. मग म्हणाली, ‘‘त्या बाईनं निघताना काय विचारलं आठवतंय? ‘पुढल्या साली याल का?’ मी हो म्हणून बसलेय गं.’’

जाता जाता : तुमच्या ग्रुपमध्येही असा एखादा ‘बिनगोळीचा’ डॉक्टर असेल, तर त्याला सांगा. सामाजिक शास्त्रांसाठी भारतीय समाजविज्ञान संशोधन परिषदेची पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप असते. यूजीसीनं २०२२ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्या नावानं ९०० जागांची फेलोशिप जाहीर केली होती, त्यात ३० टक्के जागा महिलांसाठी होत्या. पीएच.डी., नेमका प्रस्ताव आणि सोबत घेणारी संस्था एवढी तयारी आधीच ठेवायची. आणि त्याला ‘अजून शिकतोयस होय?’ असं प्लीज विचारू नका.