तुंब्याची कळ

बैलगाडीच्या चाकाच्या मधल्या गाभ्याला आपण ‘तुंबा’ म्हणतो. ‘हब’पेक्षा हा शब्द मला अधिक भरीव वाटतो, मास्तरकीची खोड, दुसरे काय!

चारही चाकांना जोर देणाऱ्या कित्येक जुन्या जीपगाड्यांच्या पुढच्या तुंब्यांवर एकेक चकती असते. ती ‘फ्री’वर असली की चाक एकटे फिरते, ‘लॉक’वर नेली की आसाशी जखडते. महायुद्धानंतर लष्कराने विकलेल्या जीपांसाठी अमेरिकेत आर्थर वॉर्न यांनी १९४८ साली असे तुंबे काढले. डांबरी रस्त्यावर पुढचे आस उगाच फिरू नयेत, झीज व इंधन वाचावे, हा हेतू.

पावसाळ्याच्या अखेरीस भाईंदरच्या मिठागरांकडे अशीच एक जीप रुतली. खाडीला भरती चढत होती.

“फोर-व्हील टाकलंय, तरी पुढची चाकं ढिम्म!” चालक कुरकुरला.

बांधावरचा म्हातारा मिस्त्री वाकून पाहत म्हणाला, “डावी कळ फिरवलीस. उजवी कोण फिरवणार, तुझा सासरा?”

एक तुंबा मोकळा राहिला की डिफरन्शियल सारी फिरकी तिकडेच पळवते. मोकळा आस गरगरतो, जखडलेले चाक जागचे हलत नाही. खरे तर चिखल दिसताच, कोरड्या जमिनीवरच उतरून दोन्ही कळा फिरवायच्या. आता बिचाऱ्याला कोपरभर चिखलात हात घालून चकती चाचपावी लागली. जीप निघाली तेव्हा पाणी पायरीला लागले होते.

डांबरी लागताच म्हाताऱ्याने त्याला पुन्हा खाली उतरवले.

“आता दोन्ही सोड. मोजून दोन!”