स्टिअरिंग थरथरतंय, पण नेमकं कधी?

आपल्याकडे नवीन गाडी आली की आधी हार चढतो, नारळ फुटतो, चाकांखाली लिंबं चिरडली जातात, पेढे वाटले जातात. मग पहिला लांबचा प्रवास, बहुतेक वेळा देवदर्शनाला! आणि नेमकं त्याच प्रवासात अनेकांना पहिल्यांदा जाणवतं की ताशी ९०-१०० च्या वेगाला स्टिअरिंग हातात थरथरतंय. गावात ४०-५० ने फिरताना तर काहीच नव्हतं. शोरूमला फोन केला की ठरलेलं उत्तर मिळतं, "नवीन गाडी आहे सर, हजार-दोन हजार किलोमीटर चालू द्या, सेट होईल."

मला लिहायचंय ते या 'सेट होईल'बद्दल. माझं स्पष्ट मत आहे की हे निदान नाही, ही टाळाटाळ आहे. आणि दोन वर्षांनी त्या काउंटरच्या पलीकडे आपल्यातलेच काहीजण बसणार आहेत. म्हणून हा प्रश्न फक्त गाडीवाल्यांचा नाही, आपलाही आहे.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या डोक्यात या सगळ्याला एकच शब्द, 'व्हायब्रेशन'. हॉस्टेलला आल्यावर आणि गॅरेजमध्ये उभं राहायला लागल्यावर कळलं की मराठीत लोक किती बारकाईने बोलतात. स्टिअरिंग थरथरतं, गाडी हादरते, चाक डुगडुगतं, क्लच सोडताना गचका बसतो, गाडी एका बाजूला ओढते. ही पाच वेगवेगळी दुखणी आहेत आणि प्रत्येकाचं कारण वेगळं असू शकतं. पण सर्व्हिस सेंटरच्या जॉब कार्डवर पाचही जणांचं 'व्हायब्रेशन चेक' एवढंच लिहिलं जातं. अर्धं निदान तिथेच हरवतं!

आता थोडं गणित. घाबरू नका, एटीकेटीवाल्यांनाही जमेल असं आहे. १८५/६५ आर १५ हा आपल्याकडे सर्रास दिसणारा टायर घ्या. रिम १५ इंच, म्हणजे ३८१ मिमी. टायरची भिंत १८५ च्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १२० मिमी, वर एकदा आणि खाली एकदा. एकूण व्यास ६२२ मिमीच्या आसपास आणि परीघ १.९५ मीटर. ताशी १०० किमी म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर. करा भागाकार. चाक सेकंदाला साधारण १४ वेळा फिरतं. म्हणजे चाकात एका जागी दोष असेल, तर तो तुम्हाला सेकंदाला १४ वेळा हाक मारणार. १४ हर्ट्झ!

समजा, त्या चाकाच्या रिमच्या कडेला फक्त २० ग्रॅम वजन जास्त आहे. एम आर ओमेगा स्क्वेअर लावा. उत्तर येतं ३० न्यूटन, म्हणजे जवळजवळ ३ किलोचा जोर, चाकाबरोबर गरगर फिरणारा. ५० च्या वेगाला तोच जोर पाव होतो, म्हणून गावात काही कळत नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेच्या सपाट भागात कारला १०० ची मर्यादा आहे, समृद्धी महामार्गावर १२० ची. या २० च्या फरकाने तो जोर ४४ टक्क्यांनी वाढतो. रस्ते सुधारले आणि चाकातले दोष उघडे पडले, असं म्हणायला हरकत नाही.

मग बऱ्याच गाड्यांमध्ये ९० ते ११० च्या दरम्यान थरथर जास्त आणि त्यापुढे कमी, असं का होतं? उत्तर आपण परीक्षेसाठी घोकलेलं आहे, रेझोनन्स. चाक, हब आणि सस्पेन्शनचा खालचा भाग यांची स्वतःची नैसर्गिक वारंवारता बहुतेक कारमध्ये १० ते १५ हर्ट्झच्या आसपास असते. चाकाचे १४ हर्ट्झ नेमके तिथेच जाऊन पडतात. झोपाळ्याला योग्य वेळी हलकासा धक्का दिला तरी तो उंच जातो, तसंच हे. म्हणून "१२० ला नेलं की थरथर जाते" म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, दोष गेलेला नसतो, फक्त हातापर्यंत पोचत नसतो.

तर मुद्दा असा की थरथर कशाने होते हे विचारण्याआधी कधी होते हे विचारायला हवं. मी माझ्यापुरते पाच प्रश्न ठरवलेत.

पहिला, फक्त ब्रेक दाबल्यावर होते का? तसं असेल तर चाकांच्या आधी ब्रेक डिस्क बघा. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी नसेल तर पॅड दर फेरीला कमी-जास्त दाबले जातात आणि तो धक्का स्टिअरिंगमध्ये येतो.

दुसरा, थरथर हातात येते की सीटमध्ये? हातात जास्त असेल तर संशय पुढच्या चाकांवर, सीटखाली आणि फ्लोअरला असेल तर मागच्या चाकांवर.

तिसरा, ती गाडीच्या वेगाबरोबर येते की इंजिनाच्या आरपीएमबरोबर? सरळ, मोकळ्या रस्त्यावर ८० ला एकदा पाचव्या गिअरमध्ये आणि एकदा चौथ्यात चालवा. चाकांचा वेग तोच राहतो, इंजिनाचा बदलतो. थरथर तशीच राहिली तर इंजिन निर्दोष सुटलं!

चौथा, फक्त ॲक्सिलरेटर दाबल्यावर होते आणि पाय काढला की थांबते का? मग ड्राइव्ह शाफ्टच्या आतल्या बाजूचा जॉइंट तपासायला सांगा.

पाचवा, गाडी जागेवर उभी असताना, नुसतं इंजिन चालू असलं तरी होते का? मग इंजिन माउंटिंग बघा. तिथे चाकांचा काय संबंध?

आणि या पाचांच्याही आधी एक काम, नट तपासणं. नवीन गाडी असो वा नुकतंच चाक काढून बसवलेलं असो, चाकाचे नट ढिले असतील तर बाकी सगळी चर्चा व्यर्थ आहे. थरथर अचानक वाढत गेली तर निदान-बिदान सोडा, आधी गाडी बाजूला घ्या.

या यादीत एक लोकप्रिय उत्तर नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल, अलाइनमेंट. टायरच्या दुकानात 'अलाइनमेंट-बॅलन्सिंग' हे 'चहा-बिस्कीट'सारखं एका दमात म्हटलं जातं, म्हणून लोकांना दोन्ही एकच वाटतं. चाकांचे कोन चुकले तर गाडी एका बाजूला ओढते आणि टायर एकीकडून झिजतो. ठरावीक वेगाला येणारी थरथर सहसा अलाइनमेंटने जात नाही. तिच्यासाठी बॅलन्सिंग बघायचं, रिम वाकली आहे का बघायचं आणि टायर सगळीकडून सारखा गोल आहे का बघायचं.

याचा अनुभव घरातच आला. माझे मामा सातारा जिल्ह्यात झेडपीच्या शाळेत शिक्षक आहेत. पतसंस्थेचं कर्ज काढून त्यांनी गेल्या वर्षी आयुष्यातली पहिली कार घेतली. ९५ च्या पुढे स्टिअरिंग थरथरायचं. सर्व्हिस सेंटरच्या तीन फेऱ्या झाल्या, प्रत्येक वेळी रजा टाकून. पहिल्यांदा 'सेट होईल', दुसऱ्यांदा अलाइनमेंट आणि तिसऱ्यांदा काय सांगितलं असेल? "तुमचा हात नवीन आहे ना, सवय होईल." मामा ५४ वर्षांचे आहेत. दिवाळीत मला म्हणाले, "अगं, माझेच हात थरथरत असतील. वय झालं आता." मला याचा सगळ्यात जास्त राग आला. गाडी बिघडते, समजू शकतं. पण आपल्याला कारण शोधायचा कंटाळा आला म्हणून समोरच्या माणसाचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास काढून घ्यायचा?

आम्ही प्रश्न क्रमाने घेतले. ब्रेकशी संबंध नव्हता. चौथ्या-पाचव्या गिअरने फरक पडत नव्हता. मग जॅक आणि पाना काढून पुढची दोन्ही चाकं मागे आणि मागची पुढे टाकली, ज्या-त्या बाजूलाच. तासाभराचं काम, खर्च शून्य. पुन्हा हायवेला गेलो. स्टिअरिंग शांत, आणि आता सीट हादरत होती! मामा एवढंच म्हणाले, "म्हणजे माझे हात नव्हेत तर." गावातल्या टायरवाल्या काकांनी ती दोन चाकं मशीनवर चढवली. बॅलन्सिंग दोन्हींचं बरोबर होतं. पण काकांनी फिरत्या टायरजवळ खडू धरला आणि एका चाकाला तो एकाच जागी टेकत राहिला. रिम सरळ होती, टायरच उंच-सखल होता. नुसत्या बॅलन्सिंग मशीनवर असा टायर 'ओके' येऊ शकतो. वजन सारखं असलं म्हणजे आकार गोल असतोच असं नाही. टायरची वॉरंटी सहसा गाडीच्या कंपनीऐवजी टायर कंपनीची असते. तिथे लेखी तक्रार केली, त्यांच्या माणसाने तपासून टायर बदलून दिला आणि थरथर गेली.

आता शोरूमवाल्यांवर अन्याय नको. 'सेट होईल' हे कधीकधी खरंही असतं. नवीन गाडी यार्डात आठवडेच्या आठवडे एकाच जागी उभी असते. जमिनीला टेकलेला टायरचा भाग चपटा होतो, ब्रेक डिस्कवर गंज धरतो. उभ्या गाडीचे टायर चपटे होऊ नयेत म्हणून हवा मुद्दाम जास्त भरलेली असते आणि ती डिलिव्हरीच्या आधी कमी करायची राहिली तरी गाडी आदळत चालते. पण ही दुखणी कशी बरी होतात बघा. टायरचा तात्पुरता चपटेपणा २०-३० किलोमीटरमध्ये टायर तापला की जातो. गंज काही वेळा ब्रेक दाबले की पुसला जातो. हवा पाच मिनिटांत कमी होते. यातल्या कशालाच दोन हजार किलोमीटर लागत नाहीत! वाकलेली रिम आणि वाकडा टायर तर दोन लाख किलोमीटरनेही सेट होत नाहीत.

आता आपल्या कॉलेजबद्दल. सरांनी रागावू नये. लॅबमध्ये आपण शाफ्टवर चार वजनं लावतो, कोन काढतो, जर्नल लिहितो. जर्नल कुठून येतं हे सर्वांना ठाऊक आहे! पेपरात 'गिव्हन डेटा' दिलेला असतो. बाहेर मात्र एक माणूस येऊन "काहीतरी थरथरतंय" एवढंच म्हणतो. डेटा आपणच काढायचा असतो, आणि तो काढायला आपल्याला कोणी शिकवत नाही. एम-थ्रीला फूरियर करताना "याचा उपयोग काय?" असं अख्खा वर्ग विचारतो. उपयोग खिशात आहे. जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने २०१६ मध्ये 'फायफॉक्स' नावाचं फुकट ॲप काढलं. फोन डॅशबोर्डवर घट्ट बसवा, बाजूला बसलेल्याने ॲप चालवावं (ड्रायव्हरने नव्हे!), आणि फोनचा ॲक्सिलरोमीटर थरथरीची वारंवारता सांगतो. १०० च्या वेगाला १४ हर्ट्झ आले तर दोष चाकाच्या फेरीला एकदा येणारा आहे. २८ आले तर दोनदा, म्हणजे टायर अंडाकृती असल्याचा संशय. फूरियर इथे पास होतो!

माझी सूचना साधी आहे. सबमिशनमधलं एक प्रॅक्टिकल असं ठेवा की लॅब असिस्टंट काकांनी भंगारातल्या खऱ्या चाकात एक दोष लपवायचा आणि मुलांनी फक्त प्रश्न विचारून आणि मोजून तो शोधायचा. व्हायवाला व्याख्या विचारू नका, "आधी काय तपासशील आणि का?" हे विचारा. मार्क कमी पडतील, पण उद्या काउंटरवर बसल्यावर 'सेट होईल' म्हणायला जीभ रेटणार नाही.

आणि ज्यांच्या घरी नवीन गाडी आली आहे त्यांनी एवढं करा. जॉब कार्डवर पूर्ण वाक्य लिहून घ्या, "९५ ते ११० वेगाला, ब्रेक न दाबता, स्टिअरिंगमध्ये थरथर." मेकॅनिकला शेजारी बसवून त्याच वेगाची ट्रायल द्या. प्रत्येक फेरीची प्रत जपून ठेवा. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. पण तिथेही "गाडी बरोबर नाही" म्हणून भागत नाही, कागद आणि आकडे लागतात.

शेवटी काय, गाडी खोटं बोलत नाही. ती सेकंदाला १४ वेळा तेच ते सांगत असते. ऐकून घेणारा आणि "कधी?" असं विचारणारा माणूस समोर हवा. तो माणूस घडवण्यासाठीच तर हे चार वर्षांचं इंजिनिअरिंग आहे, नाही का?

– टी. ई. (मेकॅनिकल)